या अंकास शुद्धिपत्र नाही

कॉलेजचा वार्षिकांक निघाला की निम्म्या प्रती वाटल्या जातात, निम्म्या स्टाफरूमच्या कपाटात पडून राहतात आणि शेवटी रद्दीत जातात. त्यातल्या चुकांचे किस्से मात्र रद्दीत जात नाहीत. उलट दर भेटीत वाढत जातात! परवा कोल्हापुरात एका लग्नात आम्ही संपादक मंडळातले तिघं जुने लोक एकत्र आलो आणि अक्षता टाकायच्या राहूनच गेल्या. मंगलाष्टकं चालू, अक्षता मुठीत, आणि दत्ता गुरव मला विचारतोय, "ठेच्याचं आठवतंय का रे?"

मी हसलो, शकुंतला हसली, आणि पुढच्या रांगेतल्या एक मावशी वळून म्हणाल्या, "लगीन लागू द्या की रं, मग हसा!"

तर आता लग्न लागलंय. सावकाश सांगतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा अंक छापायचा म्हणजे लाकडी केसमधले शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, एकेक करून उचलायचे आणि ओळीमागून ओळ जुळवायची. आमच्या अंकाचे संपादक होते इनामदार सर. मराठी शिकवायचे. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन्सिल. वर्तमानपत्रसुद्धा पेन्सिल हातात घेतल्याशिवाय वाचायचे नाहीत. लग्नपत्रिका आली तरी आधी चुका काढायचे आणि मग तारीख बघायचे.

अशा माणसाच्या नशिबी काय यावं? अंक वाटल्यावर सापडलेल्या चुकांची एक चिठ्ठी मागाहून छापून अंकाच्या शेवटी चिकटवावी लागायची. एका बाजूला 'अशुद्ध', दुसऱ्या बाजूला 'शुद्ध'. हे शुद्धिपत्र. सर संपादक झाल्यापासून एकही अंक शुद्धिपत्राशिवाय निघाला नव्हता. पोरं तर अंक मागूनच उघडायची! सरांना ते फार लागायचं. एक तरी अंक शुद्धिपत्राशिवाय काढायचा, एवढी एकच इच्छा त्या माणसाने आयुष्यात बाळगली होती.

*

मंडळावर पोरं घेताना सर मुलाखत वगैरे घेत नसत. कागदाचा कपटा पुढे करायचे आणि म्हणायचे, "लिही. शुद्धिपत्र."

बस्स! त्यात 'द्धि'ला पहिली वेलांटी दिली तर आत, दुसरी दिली तर बाहेर. "ज्याला शुद्धिपत्रच शुद्ध लिहिता येत नाही, त्याने अंकाला हात लावायचा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या वर्षी बावीस पोरं गेली आणि एकोणीस दुसऱ्या वेलांटीवर आपटली.

मी मुरगूडचा. पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांचा आणि माझा संबंध परीक्षेपुरता. मी धीर करून लिहिलं, आणि नेमका पेनमधून शाईचा थेंब पडला. वेलांटी पार बुडाली. सरांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, चष्मा वर सरकवला.

"कुठली दिली होतीस?"

"पहिली, सर."

"खरं?"

"तुम्हाला दुसरी दिसतीय का, सर?"

सरांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "संशयाचा फायदा. ये उद्यापासून."

मी कुठली वेलांटी दिली होती, ते मला आजही आठवत नाही.

*

छापखाना मंगळवार पेठेत होता आणि आमचा अंक तिथे बाबालालभाई जुळवायचे. बाबालालभाईंचे वडीलही जुळारी होते. भाईंचं शिक्षण सातवीपर्यंत, पण आयुष्यभर खिळे उचलून उचलून त्यांचं इतकं वाचून झालं होतं की आमच्यापैकी कुणी त्यांच्या जवळपास नव्हतं. त्यांची बोटं केसवर चालायला लागली की बघत राहावं. खिळा बघायचे नाहीत, तो आपोआप हातात यायचा. त्यांच्यात एकच खोड होती. जे जुळवायचे ते मनापासून वाचायचे, आणि वाचलेलं पटलं नाही तर स्वस्थ बसवायचं नाही.

माझ्या पहिल्याच वर्षी एका मुलाची कथा आली. गरीब आई मुलाला शिकायला शहरात पाठवते. एस.टी. सुटताना त्याच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी देते. पोरगं रडतं, आई रडते, कंडक्टरही रडतो. छापून आलं ते असं: 'आईने त्याच्या हातात भाकरी व ठेचा दिला.'

सर छापखान्यात धावत गेले. मी मागे.

"बाबालाल, हा ठेचा कुठून आला?"

भाईंनी हातातली ओळ खाली ठेवली. "सर, मुंबईपतोर जायाचं हाय त्येला. नुसती भाकरी कशी गिळंल पोरगं?"

"पण लेखकानं लिहिलं नाही ना!"

"त्यो इसरला आसंल. आई कशी इसरंल?"

सरांनी पेन्सिल खिशाला लावली आणि परत फिरले. शुद्धिपत्रात मात्र आलंच: 'भाकरी व ठेचा' ऐवजी 'भाकरी' असे वाचावे. त्यावर हॉस्टेलच्या मेसमध्ये पोरांनी ताटं वाजवली आणि घोषणा दिल्या, "ठेचा परत द्या!" कथा लिहिणारा पोरगा माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "ठेच्यानं कथा सुधारली होती रे."

*

त्याच वर्षी दुसरी चूक झाली आणि ती सर्वस्वी माझी.

प्राचार्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. त्यांचं मनोगत आलं की मंडळात सुतकी कळा यायची. मला ते कसंबसं लागायचं, म्हणून मी छापखान्यात बसून मोठ्याने वाचायचं आणि भाईंनी ऐकून जुळवायचं असं ठरलं. मी वाचलं. मुरगूडचा माणूस जसं वाचेल तसं वाचलं! प्रूफ आलं तर 'आपले महाविद्यालय प्रगतिपथावर हाय', 'विद्यार्थ्यांचे सहकार्य मोलाचे हाय'. असे सात 'हाय' आणि 'न्हाय'.

सर एवढे चिडले की लाल पेन्सिलीचं टोक मोडलं. सहा जागी दुरुस्ती झाली. सातवं वाक्य मनोगताच्या शेवटच्या पानावर गेलं होतं आणि ते पान तपासायला माझ्याकडे होतं. अंकात छापून आलं: 'शिस्तीला पर्याय न्हाय.'

"तू वाचलं होतंस ना हे?" सरांनी विचारलं.

"व्हय, सर. मला बरोबर वाटलं."

गॅदरिंगला प्राचार्य भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "शिस्तीला..." आणि सगळं सभागृह ओरडलं, "पर्याय न्हाय!" प्राचार्य दचकले. मग हसायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "इनामदार, इतक्या वर्षांत पोरांनी माझं मनोगत पहिल्यांदा वाचलं. ही चूक दुरुस्त करू नका."

सरांनी तरीही ती शुद्धिपत्रात घातलीच. प्राचार्य झाले म्हणून काय झालं!

*

ठेच्याचा घाव सर विसरले नाहीत. पुढच्या वर्षी पहिलं पान छापखान्यात द्यायच्या आधी त्यांनी भाईंकडून शपथ घेतली. "बाबालाल, या वर्षी डोकं चालवायचं नाही. कागदावर जे लिहिलंय तेच जुळवायचं. माशीला माशी!"

भाईंनी गळ्याला हात लावला. "माशीला माशी, सर."

आता दत्ता गुरवबद्दल. दत्ता गगनबावड्याचा, धो धो पावसातला. चार-चार महिने ज्याला ऊन दिसायचं नाही, त्याच्या कवितेत दुसरं काय येणार? ऊन! सकाळचं ऊन, उतरतं ऊन, आईच्या पदरातलं ऊन. त्या वर्षीची त्याची कविता सरांनी तपासली आणि चौथ्या ओळीपुढे समासात लाल पेन्सिलीने लिहिलं, 'ही ओळ मला कळत नाही.'

शपथेला जागून भाईंनी तेही जुळवलं. पाचवी ओळ म्हणून! आणि प्रूफ वाचताना आम्हाला वाटलं, दत्ताची कविता आहे, असेल.

गॅदरिंगला अंकातल्या साहित्याला बक्षिसं द्यायला बाहेरगावचे एक परीक्षक आले होते. त्यांनी त्याच कवितेला पहिलं बक्षीस दिलं. भाषणात म्हणाले, "इतक्या कोवळ्या वयात 'ही ओळ मला कळत नाही' असं लिहायला मोठं धाडस लागतं." पोरांनी टाळ्या वाजवल्या. दत्ताने पेन बक्षीस घेतलं आणि खाली मान घालून सरांच्या टेबलापाशी आला.

"सर, शुद्धिपत्रात घालू नका. बक्षीस जाईल."

"आणि खरं काय ते कुणी सांगायचं?"

शुद्धिपत्रात आलं: 'पृष्ठ एक्कावन्न, पाचवी ओळ कवीची नसून संपादकांची आहे.'

दत्ता गुपचूप पेन घेऊन आला आणि सरांपुढे ठेवलं. सरांनी ते परत त्याच्या खिशाला लावलं. म्हणाले, "राहू दे. पुढच्या वेळी मला कळेल असं लिही म्हणजे झालं." छापखान्यात जाऊन त्यांनी शपथेत दुरुस्ती केली, "माशीला माशी. समासातलं सोडून!"

*

फोटोंचं खातं शकुंतला चौगलेकडे होतं. मंडळात ती एकटीच मुलगी, आणि आम्ही सगळे तिला टरकून असायचो. फोटोखालची नावं ती स्वतः प्रत्येकाला उभं करून विचारून घ्यायची. तिच्या हातून चूक होणं शक्यच नव्हतं. चूक झाली ती छपाईसाठी फोटोचा ब्लॉक बनवणाऱ्याच्या हातून. कुस्तीच्या संघाचा फोटो त्याने उलटा घेतला. डावीकडचा माणूस उजवीकडे गेला आणि उजवीकडचा डावीकडे. नावं मात्र जिथल्या तिथे.

अंक वाटून चार दिवस झाले आणि सात पैलवान मंडळाच्या खोलीत आले. खोलीत उजेड कमी झाला. सर खुर्चीतून उठले. सगळ्यात पुढे कोडोलीचा मारुती.

"सर, फोटोत माझ्या नावाच्या जागी कोण आलंय बगा."

सरांनी बघितलं. मारुतीच्या नावावर गणित शिकवणारे क्रीडाप्रमुख उभे होते, बरगड्या मोजून घ्याव्यात असे. आणि सव्वादोन मणांच्या मारुतीखाली लिहिलं होतं, 'प्रा. अमुक तमुक, एम.एससी.'

सरांनी कपाळाला हात लावला. आठ नावांची दुरुस्ती म्हणजे शुद्धिपत्राचं पान भरणार! शकुंतला म्हणाली, "सर, मी नावं बरोबर दिली होती. माणसं फिरली त्याला मी काय करू?"

तेव्हा मारुतीच म्हणाला, "त्यात काय एवढं? 'डावीकडून' लिवलंय न्हवं? 'उजवीकडून' वाचा म्हणावं."

सर त्याच्याकडे बघतच राहिले. एका शब्दात काम! त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हात दुखला म्हणून मागे घेतला. जाताना मारुती दारात घुटमळला.

"सर, ती चिठ्ठी माझ्या अंकाला लावू नगासा."

"का रे?"

"म्हातारीला फोटो दाखवलाय. नाव तिनं शेजारच्या मास्तरकडनं वाचून घेतलं. पोरगा प्रोफेसर झाला म्हणून गावभर सांगत सुटलीय."

चिठ्ठ्या छापून आल्या तेव्हा आमच्यातल्या कुणीतरी मारुतीच्याही अंकाला एक लावली. ती सरांनी स्वतःच्या नखाने हळूहळू सोडवली आणि अंक त्याच्या हातात दिला. खरं सांगणाऱ्या सरांना मी खोटेपणा करताना बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

*

त्यानंतरचं वर्ष माझंही शेवटचं आणि सरांचंही. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. पहिल्या बैठकीला त्यांनी आम्हाला सांगितलं, "पोरांनो, मला निरोपाला शाल नको, श्रीफळ नको, भाषणं तर नकोतच. अकरा अंक काढले, अकरा शुद्धिपत्रं. हा बारावा. एवढा एक मला स्वच्छ काढून द्या."

काय करायचं ते तिथंच ठरलं.

त्या वर्षी आम्ही प्रत्येक पान पाच वेळा वाचलं. शकुंतलाने शेवटच्या शब्दाकडून पहिल्या शब्दाकडे वाचायची पद्धत काढली, म्हणजे अर्थात गुंतायला नको. दत्ताने स्वतःच्या कवितेत तीन चुका पकडल्या आणि एक कविता मागे घेतली. मी 'आहे' दिसला की बोट ठेवून मोठ्याने 'आ-हे' म्हणायचो. बाबालालभाईंनी नव्याने शपथ घेतली. एका लेखात नायिका सकाळी उठून चहा पिते आणि कामाला लागते. भाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मुरगूडकर, तोंड धुतल्याचं लिवायचं ऱ्हायलंय. तसंच जुळवू?" मी म्हटलं, "तसंच." त्यांना दिवसभर बरं वाटलं नाही. पण जुळवलं तसंच.

शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या पानांचा जुळवलेला साचा, मशीनवर चढायचा दिवस आला. शेवटच्या पानावर तळाला चार बोटं जागा मोकळी होती. सर स्टुलावर बसले, ती मोकळी जागा बघत राहिले, आणि म्हणाले, "दत्ता, पेन दे तुझं."

दत्ताने बक्षिसाचं पेन दिलं. सरांनी कपट्यावर एक ओळ लिहिली, भाईंच्या हातात दिली, आणि चष्मा पुसत बाहेर गेले. भाईंनी कपटा बघितला, सरांच्या पाठीकडे बघितलं आणि ओळ जुळवायला घेतली. आम्ही सरांच्या मागे बाहेर आलो.

अंक आला. शेवटच्या पानाच्या तळाला ठसठशीत ओळ होती: 'या अंकास शुद्धिपत्र नाही.'

सरांनी तीन दिवस रजा काढली आणि अंक घरी वाचला. चौथ्या दिवशी वर्गात आले. हातात लाल पेन्सिल होती, तिला नुकतंच टोक केलेलं.

"एकही नाही," सर म्हणाले. "पोरांनो, एकही नाही!"

आणि एवढा कडक माणूस आमच्यासमोर रडला.

*

आठवड्याने मी उरलेले अंक आणायला छापखान्यात गेलो. बाबालालभाईंनी मला केसपाशी बोलावलं. केसमध्ये प्रत्येक अक्षराचा एकेक खण असतो. त्यातल्या 'ऌ'च्या खणात त्यांनी दोन बोटं घातली. ते अक्षर वर्षातून एकदाही लागत नाही. खणातून त्यांनी घडी घातलेला कपटा काढला.

"वाचा."

सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, या अंकास शुद्धीपत्र नाही. मी वाचलं. "मग?"

"नीट वाचा की, मुरगूडकर!"

मग दिसलं. 'द्धी'ला दुसरी वेलांटी! ज्या वेलांटीवर त्यांनी एका वर्षात एकोणीस पोरं आपटली होती, ती.

"भाई, आणि तुमची शपथ?"

"मोडली," भाई म्हणाले. "माशीला माशी खरं. पर त्या माणसाच्या शेवटच्या ओळीत माशी जाऊ द्यायची व्हय? पहिली वेलांटी घातली आन् गप बसलो." कपट्याची घडी घालून त्यांनी तो परत 'ऌ'च्या खणात ठेवला. "सरांस्नी सांगू नगासा."

मी सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

पुढे मला नोकरी लागली, मी बाहेरगावी गेलो. पाच-सहा वर्षांनी कोल्हापूरला आलो तेव्हा सरांकडे गेलो. सर व्हरांड्यात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. लाल पेन्सिल चालूच. बारावा अंक शेजारच्या स्टुलावर, हाताशी. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. आणि वर्तमानपत्रातून मान वर न करता सरांनी विचारलं, "बाबालालनं तो कपटा ठेवलाय का रे अजून?"

मी कपबशी खाली ठेवली. "कुठला कपटा, सर?"

"दुसऱ्या वेलांटीचा." सरांनी बातमीतल्या एका शब्दाभोवती गोल केला. "मी मुद्दाम लिहिली होती. बाबालाल शपथ पाळतो का, ते बघायचं होतं."

"मुद्दाम, सर?"

"मुद्दाम म्हणजे मुद्दाम!" सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

मी तिथून थेट मंगळवार पेठेत गेलो. बाबालालभाई रॉकेलच्या फडक्याने हात पुसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. मुद्दाम लिहिलं म्हणतात, परीक्षा होती म्हणतात.

भाईंनी फडकं खाली ठेवलं. एवढे हसले की त्यांना केसचा आधार घ्यावा लागला.

"आसं व्हय? मग सांगा त्यांस्नी, त्या आकरा वर्सांच्या चुका मी बी मुद्दामच केल्या हुत्या म्हणावं!"

आणि मी वळलो तेवढ्यात मागून हाक आली, "ओ मुरगूडकर! ठेचा तेवढा सोडून. ती चूक न्हवती."